आपल्या मुलांची जागा नेमकी कोणी घेतली?

एडिसनकर

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंचावर काल एका सदस्यांनी लिहिले की, हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशांवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2023 रोजी दिलेल्या निकालाने गुणवत्तेला अखेर न्याय मिळाला आणि आता कृष्णवर्णीयांपायी आपल्या मुलांच्या जागा जाणार नाहीत. ते वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्या राखीव जागांबद्दल आपण तावातावाने बोलतो, त्या येथे 1978 च्या ‘बाकी’ (Bakke) खटल्यापासूनच बेकायदा आहेत. प्रवेश देताना वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून पाहिला जात असे, आणि 2023 मध्ये तेही बंद झाले. एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांनुसार यादी लावावी, असे त्या निकालात कुठेही म्हटलेले नाही. याच खटल्यात बाहेर आलेल्या माहितीवरून हार्वर्डविरुद्ध खटला भरणाऱ्या पक्षाचेच तज्ज्ञ पीटर आर्सिडियाकोनो यांनी दाखवून दिले की, हार्वर्डने प्रवेश दिलेल्या गोऱ्या मुलांपैकी 43 टक्क्यांहून अधिक जण एक तर खेळाडू होते, नाही तर माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापकांची मुले, किंवा डीनच्या (प्रवेश विभागाच्या प्रमुखाच्या) खास यादीतले. ही ओळख नसती, तर त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना नकार मिळाला असता, असाही त्यांचा अंदाज आहे. इतका मोठा वशिला डोळ्यांसमोर असताना आपला राग मात्र नेमका कृष्णवर्णीय मुलांवर निघतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फ्रीमाँटची आई

आकडे तुम्ही दिलेत, आता माझ्या घरातले ऐका. माझी थोरली नऊ वर्षे भरतनाट्यम शिकली. अर्जाच्या निबंधात तिने अरंगेत्रमच्या (पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाच्या) आदल्या रात्री घुंगरांची दोरी तुटली, तो प्रसंग लिहिला होता. आम्ही पैसे मोजून नेमलेल्या समुपदेशक बाईंनी त्या परिच्छेदावर तांबडी रेघ मारली आणि सांगितले, "हिच्यात भारतीयपण जितके कमी दिसेल तितके बरे." त्याच खटल्यात, हार्वर्ड अर्जदारांना देत असलेले ‘व्यक्तिमत्त्वाचे गुण’ आशियाई मुलांच्या बाबतीत सर्व वंशगटांत सर्वांत कमी असल्याचे उघड झाले होते. अभ्यासात पुढे, पण माणूस म्हणून उणी, असा शिक्का आपल्या मुलांवर बसत असताना आम्ही रागावायचेही नाही का?

एडिसनकर

ताई, 2019 मध्ये खालच्या न्यायालयात न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी याच मुद्द्यावर साक्षीपुरावे तपासले होते आणि हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झालेला नाही, असे म्हटले होते.

फ्रीमाँटची आई

ती तांबडी रेघ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. मला बरोजबाईंचा दाखला देऊ नका.

अटलांटाची शिक्षिका

मी सरकारी शाळेत गणित शिकवते. आमच्या शाळेत कॅल्क्युलसचा वर्गच नाही. माझा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी रात्री अकरापर्यंत किराणा दुकानात काम करून सकाळी पहिल्या तासाला हजर असे. कोणत्याही क्लासशिवाय त्याला एसएटीत 1380 गुण मिळाले. फ्रीमाँटच्या ताईंनी मुलीच्या क्लासवर किती खर्च केला, तेही येथे लिहावे, म्हणजे तुलना नीट करता येईल.

फ्रीमाँटची आई

खर्च केला, आणि त्याची मला लाज वाटत नाही. तुम्ही म्हणता म्हणून परीक्षा काढून टाकली, तर उरते काय? नौकानयन, तलवारबाजी आणि महागडे निबंध! त्यांत तुमच्या विद्यार्थ्याचा निभाव कसा लागणार?

अटलांटाची शिक्षिका

परीक्षा काढा, असे मी म्हटलेलेच नाही. जे लिहिले आहे तेवढेच वाचावे. एमआयटी या विद्यापीठाने 2022 मध्ये आणि डार्टमथ कॉलेजने 2024 मध्ये एसएटी पुन्हा सक्तीची केली. गरीब घरांतली मुले आपल्याला उपयोगी पडतील असे गुणही अर्जात लपवतात, हे डार्टमथला आढळले होते. माझ्या विद्यार्थ्यानेही 1380 हा आकडा लपवला, कारण तो कमी आहे असे त्याला वाटले. गुण जरूर मागा, पण ते कोणत्या शाळेतून आले, हेही पाहा.

डॅलसकर

हेच आरक्षणाचे राजकारण नको म्हणून आम्ही देश सोडला. येथेही तेच ऐकायचे?

एडिसनकर

आपण ज्या दारातून आलो, तो 1965 चा स्थलांतर कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात झाला. ती चळवळ कृष्णवर्णीयांनी मार खाऊन उभी केली होती. आपण मराठी आहात, म्हणून आणखी एक आठवण करून देतो: 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. ‘आरक्षण नको’ हे वाक्य येथे फेकण्यापूर्वी एवढे तरी आठवायला हवे होते.

डॅलसकर

बाबासाहेबांना मध्ये आणून माझे तोंड बंद करू नका. निकालानंतर एमआयटीत आशियाई मुले 40 वरून 47 टक्क्यांवर गेली, हे खरे की नाही?

एडिसनकर

खरे आहे, आणि त्याच वर्षी तेथे कृष्णवर्णीय मुले 15 टक्के होती ती 5 वर आली. येल विद्यापीठात मात्र आशियाई मुले 30 वरून 24 टक्क्यांवर घसरली. एकाच निकालाची ही दोन फळे आहेत.

फ्रीमाँटची आई

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांबद्दल तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागते, पण व्यक्तिमत्त्वाच्या गुणांबद्दल माझे मत तसूभरही बदललेले नाही. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे निबंधात लिहिता येईल, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच निकालपत्रात म्हटले आहे. माझी धाकटी यंदा अर्ज भरते आहे. तीही नाचते, थोरलीपेक्षा चांगली नाचते. काल रात्री तिचा निबंध वाचला, तर कोणी काही सांगितलेले नसताना तिने त्यात नृत्याचा एक शब्दही लिहिलेला नाही.