मदत हवी आहे: लेक टेक्सोमावर जग-फिशिंग करून कॅटफिश धरायची आहे, पहिला प्रयत्न फसला

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासमध्ये प्लेनोला राहतो. मे महिन्यात अण्णा (माझे वडील) इंदापूरहून सहा महिन्यांसाठी आलेत. आमचं गाव उजनीच्या फुगवट्याला लागून. लहानपणी मी पाहिलेलं आहे, अण्णा संध्याकाळी रिकाम्या गोडेतेलाच्या डब्यांना दोरी, दोरीला गळ आणि गळाला गांडूळ नाहीतर कोंबडीची आतडी लावून पाण्यात सोडायचे. पहाटे होडीतून निघायचे. डबा जागेवर डुलत असला तर काही नाही. खाली-वर झटके खात असला तर समजायचं, शिंगाळा (आपल्याकडची कॅटफिश) लागला.

इथे हेच जग-फिशिंग नावाने चालतं हे कळलं तेव्हा अण्णांचा चेहरा उजळला. घरात बसून बसून ते कंटाळले होते. मी लगेच तयारीला लागलो.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी टेक्सोमावर गेलो (टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवरचा तलाव), टेक्सासच्या बाजूने. बोट भाड्याची. स्विमिंग पूलमध्ये वापरतात त्या निळ्या फोमच्या नळ्या (पूल नूडल) फूटभर कापून दहा डबे केले. दोरी जाड डांबरी नायलॉनची, खाली शिसं, ८/० मापाचा सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ). आमिष म्हणून जाळ्याने धरलेल्या शॅड या छोट्या माशाचे तुकडे. पाणी चाळीसेक फूट होतं. मासा तळाशी असतो असं वाचलं होतं, म्हणून आठ डब्यांना तीस फूट दोरी सोडली. शेवटच्या दोघांना दोरी पुरली नाही, त्यांना पंधराच फूट.

सूर्य मावळायच्या आधी सगळे सोडले, सकाळी सातला परत गेलो. जागेवर एकही नव्हता. शोधून सहा सापडले. चार लांब दोरीचे, त्यांच्यावरचं आमिष जसंच्या तसं, फक्त पांढरं फटक पडलेलं. दोन आखूड दोरीचे: एकाचा गळ साफ, दुसऱ्याला हातभर लांब स्ट्राइपर (स्ट्राइप्ड बास, कॅटफिश नव्हे), मेलेला. तीन तास फिरून उत्तरेच्या काठावर आणखी दोन मिळाले, त्यांचंही आमिष तसंच. उरलेले दोन अजून पाण्यातच आहेत.

अण्णांनी तो स्ट्राइपर हातात घेऊन कल्ले उघडून पाहिले आणि म्हणाले, "डबा हरवला की त्याचा गळ मासे मारत राहतो रे, खाणारं कोणी नसलं तरी." परतताना गाडीत दोघंही गप्प होतो. मला ते दोन डबे झोपू देत नाहीत.

म्हणून विचारतोय. दोरी किती सोडायची? डबे हरवू नयेत म्हणून तुम्ही काय करता? नको तो मासा मरू नये म्हणून काही करता येतं का? आणि अण्णा पाहुणे आहेत, त्यांना कुठलं लायसन्स घ्यावं? मी माझं टेक्सासचं घेतलेलं आहे, त्यांनी त्या दिवशी गळाला हात लावला नाही.

आगाऊ धन्यवाद.

रेडरिव्हरकाठी:
तुमच्या दोरीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. आखूड दोरीच्या दोन्ही डब्यांवर हालचाल झाली, लांब दोरीच्या सहांना कोणी तोंड लावलं नाही. उन्हाळ्यात तलावाचे थर पडतात. वर गरम पाणी, खाली थंड, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरातला प्राणवायू हळूहळू संपत जातो. मासा तिथे थांबतच नाही. तुमचे गळ रात्रभर त्या मेलेल्या पाण्यात लटकले होते. "कॅटफिश तळाशी असते" हे वाचलंत ते खोटं नाही, पण उन्हाळ्यात तळ म्हणजे जिथे वरचा थर जमिनीला टेकतो तो तळ. म्हणजे खाडीच्या (काठात आत शिरलेल्या पाण्याच्या) तोंडाजवळचा उतार, बारा ते अठरा फूट. बोटीवर सोनार (पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) असेल तर तो थर आडव्या धूसर पट्ट्यासारखा दिसतो. त्याच्या दोन-चार फूट वर गळ ठेवा.

वाऱ्याचंही सांगतो. इथे उन्हाळ्यात वारा बहुतेक दक्षिणेचा. तुमचे डबे उत्तरेला गेले, म्हणजे ओक्लाहोमाच्या पाण्यात. तिथले नियम वेगळे. अण्णांसाठी लेक टेक्सोमाचं वेगळं लायसन्स मिळतं, ते दोन्ही राज्यांच्या पाण्यात चालतं. तुम्हीही तेच घ्या, म्हणजे डबा पलीकडे गेला तरी त्याच्या मागे जाता येईल. आणि टॅग लावला होता ना? टेक्सासमध्ये प्रत्येक डब्यापासून सहा इंचांच्या आत टॅग लागतो, त्यावर नाव, पत्ता किंवा लायसन्सचा ग्राहक क्रमांक आणि सोडल्याची तारीख. डब्याचा रंग केशरी नको, तो धंद्यासाठी मासे धरणाऱ्यांचा.

धागाकर्ता:
टॅग होते, प्लास्टिकच्या पट्टीवर पक्क्या शाईने. थरांचं माहीत नव्हतं. अण्णांना वाचून दाखवलं तर लगेच म्हणाले, "मे महिन्यात आपल्याकडंही खोल दोरीला काही लागत न्हवतं." त्यांना माहीत होतं, मी विचारलंच नाही.

गळ_आणि_गप्पा:
रात्रभर सोडून झोपायला जाऊ नका, एवढं एक बदललंत तर निम्मे प्रश्न सुटतील. मी सहाच डबे घेतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला आडव्या रांगेत सोडतो, बोट बंद करून दोनशे पावलांवर बसतो. डबे वाहत खाडी ओलांडतात. पलीकडे पोचले की उचलून पुन्हा वर. मासा लागला की दहा मिनिटांत हातात. नको असलेला जिवंत परत जातो. टेक्सासमध्ये जगलाईनवर (म्हणजे या डब्याच्या दोरीवर) स्ट्राइपर ठेवता येतच नाही, सोडावाच लागतो, त्यामुळे हे महत्त्वाचं.

लागलं की कळावं म्हणून नूडलच्या पोकळीत पीव्हीसीचा पाइप घाला, दोन्ही टोकं बंद, आत सळईचा बोटभर तुकडा मोकळा. दोरी एका टोकाला. माशाने ओढलं की नूडल उभी राहते, सळई घसरून खाली येते आणि मासा थांबला तरी ती उभीच राहते. पांढरी चमकपट्टी गुंडाळलीत तर बॅटरीच्या उजेडात अर्ध्या मैलावरून दिसते.

सर्कल हुकाचं टोक आमिषात गाडू नका. तुकडा एकदाच टोचा, टोक उघडं. झटका द्यायचा नाही. डब्याच्या ओढीनेच तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, गिळला जात नाही.

उचलताना डब्याच्या वाऱ्याखालच्या बाजूने या, इंजिन बंद. दोरी पंख्यात गेली तर दिवस संपला. लाइफ जॅकेट अण्णांना चढवाच, पोहता येत असलं तरी.

रस्सावाली:
शॅडवर बहुधा ब्लू जातीची कॅटफिश येईल. कोंबडीच्या काळजावर चॅनल जातीची येते. तिसरी जात फ्लॅटहेड, तिला बहुतेक जिवंत आमिषच लागतं. खायला दोन ते पाच पौंडांची घ्या. कातडी सोलून बाजूने जाणारा लालसर मांसाचा पट्टा काढून टाका, वास त्यातच असतो. मग आपला कांदा-लसूण मसाला आणि चिंच. मोठ्या परत सोडा. टेक्सोमावर तसंही ३० इंचांहून मोठी ब्लू दिवसाला एकच ठेवता येते. याच तलावात २००४ च्या जानेवारीत काठावरून गळाने १२१.५ पौंडांची ब्लू धरली होती, तेव्हाचा जागतिक विक्रम. तिला जिवंत ठेवून टेक्सासमधल्या अथेन्स गावच्या मत्स्यकेंद्रात लोकांना पाहायला ठेवलं होतं.

धागाकर्ता:
काल जाऊन आलो. लायसन्स दोघांचंही टेक्सोमाचं. पहाटे साडेपाच, सहा डबे, चौदा फूट दोरी. जागा अण्णांनी ठरवली. काठावर एक बगळा उभा होता, त्याच्या समोरचा उतार. तिसऱ्या फेरीत एक नूडल उभी राहिली. अण्णा बोलले नाहीत, फक्त माझ्या खांद्यावर हात दाबला. तीनेक पौंडांची चॅनल. वर घेताना मी पाठीमागून धरायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि काट्यांच्या मागे बोटं घालून शिंगाळा धरतात तशी धरली. गळ जबड्याच्या कोपऱ्यातच होता. सहाच्या सहा डबे परत आणले.

नंतर तासभर उत्तरेचा काठ धुंडाळला. आधीच्या दोनपैकी एक सापडला, लाकडाच्या ओंडक्यात अडकलेला, गळ रिकामा. दोरी कापून घेतली. शेवटचा एक अजून राहिलाय. तिकडच्या बाजूला कोणी जात असेल तर निळी नूडल, पांढरा टॅग, दिसली तर गळ तेवढा कापून घ्या, बाकीचं फेकलंत तरी चालेल. आणि वाऱ्याने डबे सहसा कुठल्या खाड्यांत जमतात हे कोणाला माहीत असेल तर सांगा, येत्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा जाणार आहोत.