‘ऑक्सिजनचे सिलेंडर’ की ‘हवेची टाकी’? पाणबुड्यांच्या साधनांचे शब्द

प्रश्न (भुसावळ) : तापीच्या डोहात कुणाचा शोध घ्यायचा असला, की बातमीत ‘पाणबुडे ऑक्सिजनचे सिलेंडर लावून उतरले’ असे वाक्य हमखास येते. ते बरोबर आहे का? आणि पोहणारा तोंडात धरून पाण्यावरची हवा घेतो त्या नळीला, म्हणजे स्नॉर्केलला, ‘श्वासनळी’ म्हणावे का?

उत्तर (धुळे) : भाऊ, ‘श्वासनळी’ हा शब्द शरीरातील अवयवासाठी रूढ आहे, म्हणून तो येथे नको. ‘हवानळी’ चालेल, मला स्वतःला ‘स्नॉर्केल’ तसाच ठेवावासा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुडी जहाजांना पाण्याखाली राहूनच डिझेल इंजिनासाठी हवा घेता यावी म्हणून जो उभा नळ बसवला गेला, त्याचे हे नाव. कल्पना मूळची डच नौदलाची. पुढे तेच नाव पोहणाऱ्याच्या नळीला चिकटले. ही नळी लांब करून खोल जाता येत नाही, हे मात्र नीट समजून घ्यावे. आपण विहीर परसात, म्हणजे माणसाच्या उंचीवरून ठरलेल्या मापात, मोजतो. एक परस खोलीवरसुद्धा पाणी छातीला असे दाबते, की वरची साध्या दाबाची हवा नळीतून ओढून घेणे जवळजवळ अशक्य होते, शिवाय लांब नळीत आपलाच सोडलेला श्वास परत आत येतो. त्यामुळे तिची लांबी दोन वितींच्या आसपासच ठेवतात.

‘ऑक्सिजनचे सिलेंडर’ मात्र खोडावेच, कारण त्या टाकीत सहसा दाबून भरलेली साधी हवा असते. इंग्रज अभियंते हेन्री फ्लूस यांनी १८७८ साली शुद्ध ऑक्सिजनवर चालणारे पाण्याखालचे श्वसन-उपकरण केले होते खरे, पण सुमारे ६ मीटरच्या खाली शुद्ध ऑक्सिजन घातक ठरू लागतो आणि माणसाला पाण्यातच झटके येऊ शकतात.

खरी करामत टाकीत नसून तिच्यातील हवा बेताने तोंडापर्यंत सोडणाऱ्या रेग्युलेटरमध्ये आहे. त्यातील लवचिक पडद्याच्या एका बाजूस पाणी असते. श्वास ओढला की पडदा आत वाकतो, तरफ दाबली जाते, झडप उघडते आणि त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडात येते. रुकेरोल आणि दनेरूझ या फ्रेंच जोडीने १८६० च्या दशकात हे तत्त्व वापरले, पण जास्त दाब सोसणाऱ्या टाक्या तेव्हा नव्हत्या. १९४३ मध्ये फ्रेंच अभियंते एमिल गान्यान आणि नौदल अधिकारी जाक कुस्तो यांनी ते ‘ॲक्वालंग’ या पाठीवर टाकी लावून वापरायच्या श्वसन-उपकरणामध्ये यशस्वी केले, आणि त्यासाठी गान्यान यांनी आधार घेतला तो युद्धकाळात गॅसवर चालणाऱ्या मोटारींच्या रेग्युलेटरचा. स्वयंपाकघरातील गॅसमुळे हा शब्द आपल्या घरोघरी पोहोचलेलाच आहे; त्याला ‘नियामक’ म्हणण्याचे कारण नाही.

पुरवणी प्रश्न (चोपडा) : ‘पाणबुड्या’ म्हणजे माणूस की जहाजे?

उत्तर (धुळे) : दोन्ही, ताई. बुडी मारणारा तो पाणबुड्या, त्याचे अनेकवचन पाणबुडे. जहाज ती पाणबुडी, तिचे अनेकवचन पाणबुड्या. घोटाळा टाळायचा तर बातमीत ‘हवेची टाकी लावून दोन पाणबुडे डोहात उतरले’ असे लिहावे.