सल्ला हवा आहे: चमत्कारिक स्पर्धांवरच्या मॉक्युमेंटरी (माहितीपटाचे सोंग घेतलेले विनोदी चित्रपट)

धागाकर्ता:
गेल्या आठवड्यात दिग्दर्शक क्रिस्टोफर गेस्ट यांचा, कुत्र्यांच्या स्पर्धेवरचा ‘बेस्ट इन शो’ (२०००) पाहिला आणि तेव्हापासून त्याच जातकुळीचे आणखी काही शोधतो आहे. वायमारानर जातीच्या कुत्रीचे मधमाशीचे खेळणे हरवते, दुकानदार त्याऐवजी मधमाशीचा पोशाख घातलेले अस्वल पुढे करतो आणि मालकीणबाईंचा तोल सुटतो, हा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. स्पर्धा फुटकळ असावी आणि स्पर्धकांची निष्ठा मात्र अफाट, एवढीच अपेक्षा आहे. चौदा वर्षांचा मुलगा सोबत बसणार आहे, हेही कृपया लक्षात घ्यावे.

प्रतिसाद १:
आपल्याला तो प्रसंग आवडला याचे कारण, माझ्या मते, त्यात कोणीही विनोद करायला गेलेले नाही. गेस्ट आणि युजीन लेव्ही यांनी कथेचा आराखडा तेवढा लिहिला होता. संवाद नटांनी कॅमेऱ्यासमोर उत्स्फूर्तपणे रचले, त्यामुळे माणसे अडखळतात, नको ते बोलून जातात आणि मग तेच सावरत बसतात. फ्रेड विलर्ड यांचा समालोचक पुन्हा पाहा: सगळे सभागृह श्वास रोखून बसलेले असताना हा गृहस्थ शेजारच्या जाणकाराला, मी किती वजन उचलू शकेन, असे विचारतो.

याच पद्धतीने केलेला ब्रिटिश चित्रपट म्हणजे ‘कन्फेटी’ (२००६). सर्वांत आगळ्या लग्नाची स्पर्धा एक मासिक भरवते, बक्षीस म्हणून घर ठेवते आणि तीन जोडपी अंतिम फेरीत येतात. एकाला संगीतिकेसारखे लग्न हवे आहे, दुसऱ्याला टेनिसच्या थाटाचे आणि तिसरे जोडपे निसर्गवादी असल्याने त्यांना कपड्यांविनाच बोहल्यावर चढायचे आहे. हे तिसरे जोडपे पडद्यावर बराच वेळ त्याच अवस्थेत वावरते, तेव्हा तो मुलासोबत लावू नये.

प्रतिसाद २:
‘ड्रॉप डेड गॉर्जस’ (१९९९) सुचवतो. मिनेसोटातल्या छोट्या गावातली किशोरींची सौंदर्यस्पर्धा आणि वाटेतून एकेक करून दूर होणाऱ्या स्पर्धक, असा मामला आहे. कर्स्टन डन्स्ट यांची नायिका शवागारात प्रेतांना रंगभूषा करता करता टॅप नृत्याचा सराव करते, ते दृश्य अजूनही ताजे वाटते. काही विनोद मात्र आता सरळ क्रूर वाटतात. आजाराची आणि अपंगत्वाची टिंगल तेव्हा खपून गेली, आज मला ती पाहवत नाही.

गेस्ट यांचाच ‘मॅस्कॉट्स’ (२०१६) कोणीतरी सुचवेलच. शुभंकरांचे पोशाख घालून नाचणाऱ्यांची स्पर्धा हा विषय साजेसा आहे, पण साचा इतका ओळखीचा झाला आहे, की पुढचा विनोद आधीच दिसतो. नाही पाहिला तरी चालेल.

प्रतिसाद ३:
थोडे विषयाच्या कडेने जातो. ‘द किंग ऑफ काँग’ (२००७) हा खराखुरा माहितीपट आहे, पण अनोळखी माणसाला न सांगता दाखवला तर तो मॉक्युमेंटरीच समजेल. ‘डाँकी काँग’ या १९८१च्या व्हिडिओ गेममधला जागतिक विक्रम मोडण्यासाठी एक विज्ञान शिक्षक गॅरेजमध्ये बसून खेळतो आणि पुराव्यासाठी चित्रीकरण चालू ठेवतो. विक्रम हाताशी आलेला असताना मागून त्याचा लहान मुलगा, शौचाला जाऊन आल्यावर, मला पुसून द्या म्हणून टाहो फोडतो. बापाचा खेळ सुटत नाही आणि मुलाचा हट्टही सुटत नाही. असे लिहून सुचले नसते. मुलासोबत निःशंक पाहा.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. रविवारी ‘द किंग ऑफ काँग’ लावतो आणि ‘कन्फेटी’ मुलगा झोपल्यावर पाहतो. ‘डाँकी काँग’ म्हणजे काय, हे त्याने आत्ताच विचारले आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी लागेल असे दिसते.