दुर्बिणीनं पित्ताशय काढल्यावर पाच दिवस अँटिबायोटिक कशाला?

टिळकवाडीकर:
वहिनींचं पित्ताशय काढलं, खडे होते. ठरवून केलेलं ऑपरेशन, सूज नाही, ताप नाही, दुसऱ्या दिवशी घरी, तरी डिस्चार्जच्या कागदावर पाच दिवसांची अँटिबायोटिक. माझं मत, अशा केसला फार तर चिरा देण्याआधी शिरेतून एक डोस, बास. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्येच सांगितलंय, इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेलं अँटिबायोटिक ऑपरेशन संपल्यावर पुढं ओढू नका.

निपाणीचा गडी:
ओ साहेब, ते जिनिव्हात बसून लिहितात. हितं पेशंट आठवड्याच्या आत तंबाखूच्या रानात, टाक्यावर घाम नि माती, पू झाला तर नातेवाईक कॉलर कुणाची धरणार, डॉक्टरचीच की! चार गोळ्या जास्त गेल्या तर काय बिघडतंय?

टिळकवाडीकर:
जुलाब लागतात, जंतू औषधाला दाद देईनासे होतात, एवढं बिघडतंय. आणि मातीला ड्रेसिंग हाय की.

खानापूरची सिस्टर:
ऑपरेशन थिएटरमध्ये असते म्हणून बोलते. पित्ताशय फाटून पित्त सांडलं, कावीळ असली, शुगर जास्त असली तर सर्जन वेगळा विचार करतात, त्यामुळं कुणी आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका. पण खरी भीती दुसरीच आहे. काही पेशंटना टाके सुकून महिना झाल्यावर बेंबीजवळच्या भोकाला गाठ येते नि पाणी गळायला लागतं. टीबीच्या जातकुळीतले जंतू असतात ते, हत्यारं नीट ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक, न करता नुसती जंतुनाशक सोल्युशनमध्ये बुडवून नळाच्या पाण्यानं धुतली की चिकटतात. त्यांना ह्या पाच दिवसांच्या गोळ्या काहीच करत नाहीत, महिनोन् महिने वेगळी औषधं लागतात. तरी भांडण गोळ्यांवरूनच!

निपाणीचा गडी:
बरं, पण आमचा मेव्हणा तापानं फणफणत ॲडमिट झालता. त्याला पण नको म्हणता?

टिळकवाडीकर:
फ्रान्समध्ये नेमकं हेच तपासलं, 2014 ला छापून आलं. पित्ताशयाला सौम्य-मध्यम सूज असलेले 414 पेशंट, ऑपरेशनआधी सगळ्यांना औषध, नंतर निम्म्यांनाच पाच दिवस. इन्फेक्शन दिलेल्यांत 15 टक्के, न दिलेल्यांत 17. धरण्यासारखा फरक नाही. सडलेलं, फुटलेलं पित्ताशय असलं तर गोष्ट वेगळी, तिथं द्यायलाच पाहिजे.

निपाणीचा गडी:
शंभरात दोघं तर दोघं, त्यात आपला माणूस निघाला की मग बोला.

शहापूरचा मेडिकलवाला:
भांडा तुम्ही. दोन दिवसांनी पेशंटचा पोरगा उरलेली स्ट्रिप घेऊन येतो, परत घ्या म्हणतो. नाही म्हटलं की सर्दीला होतील म्हणून घरी नेऊन ठेवतात.