डेले१ आणि केआयएए०१४१: बेडकातलं हे जनुक एकच का?

तळ्याकाठी
एमएस्सी प्राणीशास्त्र, शेवटचं सत्र. झेनोपस ट्रॉपिकॅलिस या बेडकाच्या टॅडपोलना ऑलिगोमायसिन (मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जानिर्मिती रोखणारं रसायन) देऊन मायटोकॉन्ड्रियावर ताण आणला आणि आरएनए सिक्वेन्सिंग (कुठल्या जनुकाचा आरएनए किती आहे याची मोजणी) करून घेतलं. दोन ठिकाणी अडलेय. जुन्या ॲनोटेशन फाइलमध्ये (जनुकांच्या नावांची यादी) डेले१ च्या जागी 'केआयएए०१४१' दिसतं; जनुक तेच ना? आणि ताण दिल्यावर डेले१ चा आरएनए जराही वाढलेला नाही. मग याला ताणाला प्रतिसाद देणारं जनुक म्हणायचं कशावरून? गाइड म्हणतात, हा मुद्दा सोडून दे. मला सोडवत नाही.

पेशीवाला
हो, तेच. जपानच्या काझुसा डीएनए संशोधन संस्थेत, काम माहीत नसलेल्या लांब मानवी सीडीएनएंना (आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतींना) केआयएए आणि पुढे क्रमांक असं नाव देत. पुढे हे प्रथिन डॅप३ या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीमृत्यूला हातभार लावतं असं दिसलं, त्यावरून डेले. झेनबेस हा झेनोपसचा डेटाबेस बेडकाच्या जनुकाला शक्यतो मानवी जोडीदाराचंच नाव देतं. तिकडे बदललं की इकडेही बदलतं.

आरएनए वाढला नाही म्हणून खचू नका, तो वाढायलाच हवा असं नाही. २०२० मध्ये दोन गटांनी मानवी पेशींत दाखवलं: मायटोकॉन्ड्रिया बिघडला की आतल्या पडद्यावरचं ओमा१ हे प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) डेले१ प्रथिन कापतं. आखूड तुकडा सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) येऊन एचआरआय या कायनेजला (फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमला) जागं करतो, ते ईआयएफ२-अल्फा या प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या घटकावर फॉस्फेट चढवतं. एकूण प्रथिननिर्मिती मंदावते, एटीएफ४ या इतर जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाचं ट्रान्सलेशन (आरएनएवरून प्रथिन बनणं) मात्र वाढतं. सगळा खेळ कापण्याचा, आणि सिक्वेन्सिंगमध्ये कापणं दिसत नाही. तुमच्या यादीत एएसएनएस, ट्रिब३, चॅक१ ही एटीएफ४ मुळे वाढणारी जनुकं बघा.

तळ्याकाठी
एएसएनएस आणि चॅक१ चांगलेच वर आहेत! म्हणजे बेडकातही हे डेले१ मुळेच झालं असं लिहू?

बेडूकघर
इतक्यात नको. एटीएफ४ कडे जायच्या वाटा चार, म्हणजे चार वेगवेगळी कायनेज: एचआरआय, पर्क, जीसीएन२, पीकेआर. एएसएनएस कुठल्याही वाटेने वाढू शकतं. नाव देताना क्रम आणि शेजारची जनुकं जुळवून बघतात, बेडकात त्याचं काम तपासलेलं असेलच असं नाही. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने डेले१ बंद करा, तोच डोस द्या, आणि एएसएनएस चढलं नाही तर मग म्हणा. ट्रॉपिकॅलिस घेतलंत हे फार बरं केलंत, गुणसूत्रांच्या १० च जोड्या. झेनोपस लेव्हिस या दुसऱ्या जातीत १८, आणि निम्म्याहून जास्त जनुकांच्या एल आणि एस अशा दोन्ही प्रती टिकून आहेत. एक बंद केली तरी दुसरी काम रेटत राहते.

तळ्याकाठी
क्रिस्परला आता वेळ नाही. इसरिब देऊन भागेल?

बेडूकघर
इसरिब हे या प्रतिसादाला रोखणारं रसायन ईआयएफ२बी या ईआयएफ२ च्या जोडीदार प्रथिनावर काम करतं, म्हणजे चारही वाटा एकत्र आल्यानंतरच्या टप्प्यावर. त्यातून डेले१ सिद्ध होत नाही. 'एटीएफ४ चा प्रतिसाद दिसला, डेले१ चा सहभाग तपासायचा आहे' असं लिहा. गाइडनाही ते मान्य व्हायला हरकत नाही.