तिसऱ्या घंटेनंतरचा गोळा
स्टेजवर बोलायची भीती कशी घालवायची, या प्रश्नावर ‘सगळं तोंडपाठ करा, भीती आपोआप जाईल’ असं कुणीतरी सुचवलंय. माझा अनुभव नेमका उलटा. निवेदन शब्दन् शब्द पाठ केलं की एक शब्द निसटला तरी गाडी अडते. आता मी पहिली दोन वाक्यंच घोकतो, पुढचे फक्त मुद्दे. तिसरी घंटा झाली की पोटात गोळा अजूनही येतोच (वीस वर्षं झाली!). तो अ‍ॅड्रेनॅलिनचा (भीती वाटली की शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाचा) खेळ. छातीतली धडधड, तळहातांचा घाम त्यातूनच. तेव्हा श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, धडधड जरा उतरते. आणि हो, काही वादक प्रोप्रॅनोलॉल (धडधड कमी करणारी गोळी) घेतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका. दमा असेल तर ती गोळी धोक्याची. विंगेत कोमट पाणी ठेवा, कडक चहा नको.