इंडोनेशियातील अंतर्गत विमानप्रवास: तिकिटे सुटी काढावीत की एकत्र?

होटगी रोड (प्रश्न):
नमस्कार मंडळी. मार्च 2026 च्या तिसऱ्या आठवड्यात, गुढीपाडव्याच्या सुट्टीला जोडून, सौ., सासू-सासरे आणि मी इंडोनेशियाला जाण्याच्या विचारात आहोत. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, तेथून विमानाने जकार्ता, पुढे बोरोबुदूरचा स्तूप व प्रंबाननची मंदिरे पाहण्यासाठी योग्यकार्ता, मग बाली, कोमोडो बेटांसाठी लाबुआन बाजो आणि बालीवरूनच परत, असा मार्ग आखला आहे. अंतर्गत चारही तिकिटे निरनिराळ्या कंपन्यांची सुटी घेतली तर बरीच स्वस्त पडतात. आमचा एजंट मात्र शक्य तेथे एकत्र, म्हणजे एकाच बुकिंगवर, तिकीट घेण्याचा आग्रह धरतो आहे. दोन विमानांमध्ये किती वेळ ठेवावा? शिवाय तेथील विमाने सुरक्षित आहेत का, हा सासऱ्यांचा प्रश्न आहेच.

सात रस्ता:
एजंटाचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. तिकीट सुटे असेल तर पहिले विमान उशिरा पोहोचल्याने दुसरे चुकले, तरी दुसऱ्या कंपनीवर त्याची कोणतीही जबाबदारी येत नाही. नवे तिकीट आपल्याच खिशातून काढावे लागते. म्हणून जकार्ताला उतरल्यावर इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणे, कस्टम आणि पुन्हा चेक-इन हे सगळे धरून किमान चार-पाच तास हाती ठेवावेत. सुकार्णो-हत्ता विमानतळाला तीन टर्मिनल आहेत आणि आपले देशांतर्गत विमान दुसऱ्याच टर्मिनलवरून सुटत असेल, तर कालायांग नावाच्या विनाचालक, मोफत गाडीने तेथवर जावे लागते. बाली ते लाबुआन बाजो आणि परत हे मात्र बिनदिक्कत सुटे घ्या, कारण बालीत मुक्कामच आहे. एकच अट पाळा: लाबुआन बाजोहून परतणे आणि मुंबईचे विमान एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये बालीत एक रात्र हवीच.

सासऱ्यांना सांगा की युरोपीय संघाने 2007 मध्ये इंडोनेशियाच्या सर्व विमान कंपन्यांवर बंदी घातली होती, ती टप्प्याटप्प्याने सैल होत जून 2018 मध्ये पूर्णपणे उठली.

पार्क चौक:
तिकिटांपेक्षा तारखांचा प्रश्न मोठा आहे आणि तो अजून कोणी काढलेला दिसत नाही. बालीतही शक संवत चालते आणि तेथील नववर्षाचा दिवस, न्येपी, मौनात पाळला जातो. आपला पाडवा आणि न्येपी दर वर्षी जुळतातच असे नाही (2024 मध्ये जवळजवळ महिन्याचे अंतर होते), परंतु 2026 मध्ये दोन्ही 19 मार्चलाच आहेत. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत बालीचा ङुरा राय विमानतळ प्रवाशांसाठी बंद असतो, रस्त्यावर वाहन नसते आणि पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवारातच राहावे लागते. ज्याला ती शांतता अनुभवायची आहे त्याने मुद्दाम जावे, पण त्या दिवसाचे तिकीट घेऊन चालणार नाही.

त्यातच त्याच आठवड्यात रमजान ईद येते. ईदेला जकार्तातील लाखो लोक जावा बेटावरील आपापल्या गावी निघतात. त्या दिवसांत जकार्ता-योग्यकार्ता मार्गावर विमानाचे आणि रेल्वेचेही तिकीट मिळणे कठीण होते. माझे स्पष्ट मत आहे की हा प्रवास एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात न्यावा. पावसाळाही तोवर ओसरत आलेला असतो.

जुळे सोलापूर:
वरील मताशी सहमत. एप्रिलमध्ये गेलात तर जकार्ता ते योग्यकार्ता हा टप्पा रेल्वेनेच करा. गंबीर स्थानकावरून निघालेली एक्स्प्रेस सहा-सात तासांत थेट शहरात पोहोचवते, तर योग्यकार्ताचा नवा विमानतळ शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर कुलोन प्रोगो येथे आहे. तेथून शहरात रेल्वे जाते खरी, पण आधी विमानतळावर दोन तास घालवायचे आणि नंतर पुन्हा रेल्वे पकडायची, यात वेळ काही वाचत नाही.

लाबुआन बाजोला काही फेऱ्यांवर एटीआर जातीचे पंख्याचे विमान असते. सोलापूर-गोवा मार्गावर उडते, तशाच जातीचे. त्यातील वरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे हातातली बॅग सात किलोची असली तरी मऊ कापडी घ्यावी. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवावी, चेक-इन सामानात ती चालत नाही. तसेच लाबुआन बाजो फ्लोरेस बेटावर आहे, जेथे नोव्हेंबर 2024 मध्ये लेवोटोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीचीही अनेक विमाने रद्द झाली होती. प्रवास विमा घेताना ज्वालामुखीमुळे झालेली रद्दबातल त्यात येते का, हे कलम वाचून घ्या.

नावाविषयी एक गोष्ट: पासपोर्टवर पहिल्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव छापलेले असेल, तर तिकिटावरही तसेच लिहा. कोणाचा आडनावाचा रकाना कोरा असेल, तर बहुतेक कंपन्या पहिले नावच दोन्ही ठिकाणी लिहायला सांगतात. सुकार्णो आणि सुहार्तो या एकेरी नावाच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या देशात एकाच नावाचे तेथील लोकांना काहीच नवल वाटत नाही. खोळंबा झालाच तर मुंबईच्या काउंटरवर होईल.

होटगी रोड:
सर्वांचे आभार. पाडवा घरीच करून 18 एप्रिलनंतर निघायचे ठरवले आहे. शेवटची शंका: योग्यकार्ताहून बालीचे विमान तिकिटावर अडीच तासांच्या आसपास दिसते, अंतर तर एवढे नाही.

सात रस्ता:
तो घड्याळाचा फरक आहे. जावा भारताच्या दीड तास पुढे आहे, बाली आणि लाबुआन बाजो अडीच तास. तिकिटावर दोन्ही ठिकाणची स्थानिक वेळ छापतात, त्यामुळे प्रत्यक्ष उड्डाण एक तासाने कमी धरावे.